चंद्रपुरात निवटी कशाला?

आमच्या भाच्याने यंदा निवट्या पाळायचं मनावर घेतलं आहे. निवटी म्हणजे ठाण्या-वाशीच्या खाडीत ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा मासा. तिकडे तिचं कालवण होतं, इकडे तिला काचेच्या पेटीत बसवायचं. तीन फुटी टाकी, अर्ध्या भागात वाळू, सोबतीला मॉली. "मामू, दुकानदार म्हणतो, आरामात राहतात."

दुकानदाराला चंद्रपूरचा मे महिना ठाऊक नाही म्हणावं, तर तोही इथलाच.

निवटी पाण्याबाहेर श्वास घेते ती ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून आणि कल्ल्यांजवळ धरून ठेवलेल्या पाण्यावर. कातडी सुकली की खेळ संपला. इथे पारा ४५च्या वर जातो, कूलरसमोर बसूनही आपले ओठ फुटतात. झाकण घट्ट लावून ओल धरावी तर पेटी तापते. उघडं ठेवावं तर पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि निमखारं पाणी जास्तच खारट होत जातं. रोज हे कोण मोजणार? भाचा नव्हे, माझी बहीण.

मॉली निमखाऱ्या पाण्यात राहतात, हे खरं. पण लहानसा मासा तोंडात मावला तर निवटी त्याला सोबती समजत नाही. नर आपापल्या जागेसाठी भांडतात. खाडीत हरलेला दूर निघून जातो, तीन फुटांत कुठे जाईल? शिवाय तिला खोल चिखलातलं बीळ लागतं, अंडीही तिथेच. वाळूचा ढीग म्हणजे बीळ नव्हे.

एवढं बोललो तर अबू उमैरचा दाखला पुढे आला. त्या मुलाने चिमणीएवढा पक्षी पाळला होता आणि रसूलुल्लाह (सल्ल.) त्याची आपुलकीने विचारपूस करत. उलेमांनी त्यावरूनच पाळण्याची परवानगी काढली. मलाही ती मान्य आहे. पण मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीसही आपल्याकडेच आहे ना? तिने ना खायला दिलं, ना सोडलं. परवानगी हवी तेव्हा एक हदीस आठवते, जबाबदारी आली की दुसरी विसरते.

"नाहीच जमलं तर रामाळा तलावात सोडू." यावर मात्र माझा आवाज चढला. गोड्या पाण्यात निवटी फार दिवस काढणार नाही, मॉली मात्र काढतील. हौशी लोकांच्या टाक्यांतला सकर मासा उजनीच्या जलाशयात पोहोचला आणि आता मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकून त्यांचं नुकसान करतो. आपल्याकडच्या मामा तलावांवर ढिवरांची घरं चालतात. त्यांच्या पाण्यात आपली हौस ओतायचा हक्क कुणी दिला?

हवेत श्वास घेणारा मासाच बघायचा ना? मरळ आहे. तळं आटलं तरी चिखलात तग धरते, पिलांची राखण करते. एखाद्या ढिवराला विचारून सकाळी तळ्यावर जा.

आणि निवटीच हवी असेल तर ठाण्यापर्यंतचं तिकीट मी काढतो. ओहोटीची वेळ मात्र आधी बघून ठेव.