गुडघे आईचे, काम घरच्यांचे

"वजन कमी करा" हा सल्ला गुडघे धरून बसलेल्या बाईला डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकजण देतो. सल्ला खोटा नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा वर्षांत सुमारे ५ किलो वजन उतरलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचा धोका निम्म्याहून खाली आला होता. एक किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो, हे २००५ मध्ये अमेरिकेतच मोजले गेले.

पण दुखऱ्या गुडघ्यांनी चालायचे कधी? सकाळ डबे भरण्यात जाते. संध्याकाळी डब्यातून परत आलेली पोळी 'वाया नको' म्हणून तीच खाते. (डबे आपल्याच मुलांचे, बरे का!) आम्हांला वाटते, टोमणे पुरे झाले. मुलांनो, डबा संपवून या. वडिलांनी सकाळी अर्धा तास स्वयंपाकघर सांभाळावे. पालकसभा तिसऱ्या मजल्याऐवजी तळमजल्यावर भरवणे विश्वस्तांना अवघड नाही. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून धरला तर मांडीचे स्नायू बळकट होतात व गुडघ्याला आधार मिळतो. हा व्यायाम सभेतही करता येईल. आणि शाळेचे मैदान सकाळी ६ ते ७ महिलांना फिरण्यासाठी उघडावे, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.