कान कुणाचा, संमती कुणाची?

छापखान्यात पुस्तक छापावे तसा माणसाचा कान छापण्याचे तंत्र आता प्रत्यक्षात आले आहे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, जन्मतः एका कानाची वाढ अपुरी असलेल्या २० वर्षांच्या मेक्सिकन तरुणीला असा कान बसविण्यात आला. तिच्याच कानातील कूर्चेच्या पेशी काढून वाढविल्या, कोलॅजनमध्ये मिसळल्या आणि दुसऱ्या कानाच्या मापाने यंत्रावर कान घडविला. एरवी त्यासाठी बरगडीची कूर्चा कापून कोरावी लागते. हा केवळ बाह्यकर्ण आहे, त्याने बहिरेपण जात नाही. शिवाय हा उपचार अद्याप प्रयोगाच्या टप्प्यात आहे. तरीही विज्ञानाच्या या पावलाचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु इतिहास विसरून चालणार नाही. इंग्रज फौजेतील बैलगाडीवान कावसजी याचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले. पुण्याजवळ एका कारागिराने ते नव्याने घडविले. मेणाच्या पत्र्याचे माप कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवून खाली वळविली आणि सांधा जुळावा म्हणून काताचा लेप लावला. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली. तिच्या आधारे १८१४ साली कार्प्यू या शल्यविशारदाने लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या हकिकतीत रुग्णाचे नाव आहे, ती क्रिया पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक घडविले त्याची मात्र फक्त जात नोंदली आहे: वीटकाम करणारा!

त्या काळी श्रमिकाचे ज्ञान घेतले, नाव घेतले नाही. पुढे त्याचे शरीर घेतले, संमती घेतली नाही. २००९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प राबविला गेला. त्यात वसतिगृहांतील आदिवासी मुलींच्या अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. तेथे प्रश्न लस चांगली की वाईट एवढाच नव्हता. मुलीच्या आईबापाला विचारले का, हा होता.

म्हणून कायदा समजून घ्या. २०१९ च्या क्लिनिकल चाचणी नियमांनुसार औषध म्हणून वापरायचे पेशीजन्य उत्पादन ‘नवीन औषध’ ठरते. त्याच्या चाचणीला शासनाची व नैतिकता समितीची परवानगी लागते. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊनच लेखी संमती घ्यावी लागते. रुग्ण निरक्षर असेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला आहे.

आपल्या सोलापुरात सिव्हिलच्या रांगेत विडी वळणारी बाई असते, यंत्रमागावरचा कामगार असतो. कुणी तेलुगू बोलतो, कुणी कन्नड, कुणी उर्दू. उद्या हे तंत्र येथे आले तर इंग्रजी कागदावर त्यांचा अंगठा उमटता कामा नये. कार्यकर्त्यांनी आजच हे नियम वस्तीवस्तीत वाचून दाखवावेत. आणि ज्यांच्या शरीरावर उपचार सिद्ध होईल, त्यांना तो सरकारी दवाखान्यात परवडेल अशीच व्यवस्था मागावी. नाहीतर प्रयोगाला गरीब आणि उपचाराला श्रीमंत, अशी वाटणी पुन्हा होईल. ती आपण का मान्य करावी?