संधी की उमेदवारी?

विज्ञानशाखेतील पीएच.डी.धारकांविषयी बोलताना आपण सर्रास म्हणतो, 'त्याला अमेरिकेत पोस्टडॉकची संधी मिळाली.' निदान भाषेच्या अभ्यासकांनी तरी या 'संधी'पाशी थांबावयास हवे. जैववैद्यकशास्त्र आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी या क्षेत्रांत हा शब्द वस्तुस्थितीवर पांघरूण घालतो, असे माझे म्हणणे आहे.

पोस्टडॉक हा कागदोपत्री प्रशिक्षणार्थी असतो. प्रत्यक्षात प्रयोगशाळेचा गाडा तोच ओढतो. पेशी वाढवणे, फसलेले प्रयोग पुन्हा लावणे, शोधनिबंधाचा खर्डा लिहिणे, नवख्यांना शिकवणे हे सारे त्याच्याकडे. त्याचा पगार बहुधा प्राध्यापकाच्या अनुदानातून निघतो. परदेशी असल्यास व्हिसाही त्या नेमणुकीशी बांधलेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२४ साली नवख्या पोस्टडॉकचे वार्षिक विद्यावेतन ६१,००८ डॉलर ठरवले. तिच्याच सल्लागारांनी डिसेंबर २०२३मध्ये किमान ७०,००० सुचवले होते. नोव्हेंबर २०२२मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले, त्यांत पोस्टडॉकही होते. संधी लाभलेली माणसे संप का करतात? आपल्याकडेही २०२३ साली रिसर्च असोसिएटचे मासिक मानधन ५८,००० ते ६७,००० रुपये झाले. आकडा वाढला, मुदतीची टांगती तलवार तशीच राहिली.

यावर कातालिन कारिको यांचे उदाहरण पुढे केले जाते. हंगेरीतून १९८५ साली त्या फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आल्या आणि २०२३ साली नोबेलच्या मानकरी ठरल्या. चिकाटीचे फळ पाहा! या कथनातून १९९५ हे साल मात्र सोयीस्करपणे गळते. अनुदाने मिळत नाहीत म्हणून त्या वर्षी पेन्सिल्वेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर उतरवले. ही कथा चिकाटीची आहेच. पण तितकीच ती व्यवस्थेच्या आंधळेपणाचीही आहे. शिवाय तेवढीच चिकाटी असूनही ज्यांची नेमणूक मध्येच संपली, त्यांच्या कथा कोण लिहिणार?

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : उमेदवारी. निवडणुकीतली नव्हे, मागच्या पिढ्यांनी वकिलाच्या कचेरीत वा छापखान्यात केली ती. तिच्यात कष्ट होते, पैसा तुटपुंजा होता. परंतु ती कधीतरी संपे आणि माणूस आपल्या पायावर उभा राही. जी संपतच नाही, तिला उमेदवारी म्हणणेही उमेदीचा अपमान आहे. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून एखादा माजी विद्यार्थी असे नेमणूकपत्र घेऊन पेढे द्यायला आला, तर पेढा जरूर घ्यावा; मात्र दोन प्रश्नही विचारावेत. पगार ज्या अनुदानातून येणार, ते किती वर्षे शिल्लक आहे? आणि त्या प्रयोगशाळेतले आधीचे पोस्टडॉक आज कोठे आहेत? उत्तरे समाधानकारक असतील, तर खुशाल 'संधी' म्हणावे.