पहारा आपोआप उठेना

चाकणच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहानशा कारखान्यांत आमचा धाकटा पुतण्या संगणकांची देखरेख करतो. मोटारींच्या सुट्या भागांचे नकाशे व हिशेब ज्या लिनक्स संगणकावर आहेत, त्याच्या दाराशीं ‘फायरवॉल’ नांवाचा पहारा असतो. बाहेरून आलेल्या कोणास आंत घ्यावें व कोणास परतवावें, याचे नियम त्यास लिहून दिलेले असतात. गुरुवार हा या पट्ट्यांत वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचा वार. लागोपाठ दोन गुरुवारीं वीज जाऊन आली. संगणक उठला, पहारा उठला नाहीं. दुसऱ्या खेपेस रात्रभर दार उघडें राहिलें, आणि कोणी परका परवलीचे शब्द लावून पाहत असल्याची नोंद सकाळीं सांपडली. मालकांनीं बजावलें, “तिसऱ्यांदा असें झालें तर हें काम दुसऱ्याकडे देऊं.”

रविवारीं चिंचवडास घरीं जेवावयास बसला, पण त्याचें पानावर लक्ष नव्हतें. वहिनींनीं दोनदां विचारलें तेव्हां म्हणाला, “काका, हातानें सुरू केला कीं मुकाट्यानें चालतो, आपोआप मात्र उठत नाहीं.”

आम्ही पडलों संस्कृताचे मास्तर. तरी आम्हांस वाटलें कीं, नियमच अशुद्ध असता तर तो हातानेंही चालला नसता. “अरे, पहांटेस काय नसतें आणि दुपारीं काय असतें, तेवढें शोध.”

‘स्टार्ट’ म्हणजे आतां चालू, ‘एनेबल’ म्हणजे दर उठण्याच्या वेळीं चालू; पुष्कळांची गाडी येथेंच अडते. त्यानें ‘एनेबल’ केलेलें होतें. ‘फायरवॉलडी’ व ‘आयपीटेबल्स’ हे दोन पहारेकरी एकाच दारावर उभे राहून भांडतात, तसेंही नव्हतें. अखेर ‘जर्नलसीटीएल’ची उठण्याच्या वेळची नोंद त्यानें वाचली आणि चोर हातीं लागला. एका नियमांत पलीकडच्या संगणकाचा अंकी पत्ता न देतां नांव दिलें होतें. नांवावरून पत्ता विचारावयाचा तो जाळ्यामार्फत. आणि पहारा उठतो तो जाळें जागें होण्यापूर्वीं. उत्तर कोण देणार? बरें, एक ओळ अडली कीं आयपीटेबल्स त्या कोष्टकांतील सारेच नियम टाकून देतें, आणि नियम नाहींत तेथें लिनक्सचा गाभा येणाऱ्या सर्वांस आंत घेतो! (पाणिनीच्या शास्त्रांत दोन तुल्यबल सूत्रांचा विरोध पडला तर पर सूत्र बलवान, येथें जो नियम आधीं जुळेल त्याचाच निकाल. ही व्यवस्था आम्हांस मोठी मौजेची वाटली.)

एका सहकाऱ्याचा सल्ला असा कीं, जाळें जागें झाल्यावरच पहारा उठवावा. आम्हांस तो मुळींच पटला नाहीं. दार आधीं उघडावयाचें आणि भय्या मागाहून यावयाचा, ही कसली राखण? पुतण्यानें नांव खोडून अंकी पत्ता लिहिला. नांवाचा पत्ता नियम भरतांना एकदांच काढला जातो, पुढें तो बदलला तरी पहाऱ्यास कळत नाहीं. तेव्हां नांव ठेवून लाभही नव्हता.

सोमवारीं काम सुटल्यावर त्यानें संगणक तीनदां बंद करून उठविला व दर वेळीं नियमांची यादी काढून ताडून पाहिली. हल्लीं एखादा नियम बदलला कीं तो असेंच करतो. दहा मिनिटें काम थांबतें म्हणून मालक कुरकुरतात; परंतु अद्याप नको म्हणाले नाहींत.