डोक्यात जाणारी गाणी

2016 चा उन्हाळा मला 'झिंगाट'मुळे आठवतो. 'सैराट' एप्रिलच्या शेवटी आला आणि मे महिन्यात आमच्या मिरजेत त्या गाण्याशिवाय एकही वरात निघाली नसेल. गल्लीच्या तोंडाशी मंगल कार्यालय आहे. वरात तिथे येऊन थांबायची आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. खिडकीच्या काचा थरथरायच्या, मांडणीतले पेले वाजायचे. अजय-अतुल यांच्याशी माझं काही वाकडं नाही. थिएटरात याच गाण्यावर मीही पायाने ठेका धरला होता. पण पंधरा दिवसांत ते डोक्यात जायला लागलं.

त्याच महिन्याच्या अखेरीस भाचीचं लग्न होतं, रमजान लागायच्या आत उरकायचं म्हणून घाईघाईत ठरलेलं. हळदीच्या रात्री पोरींनी स्पीकर आणला आणि पहिलं गाणं कोणतं लावलं असेल? गुडघे धरून चालणारी आमची आपा पदर खोचून नाचली. मी टाळ्या वाजवत होतो. साडेअकराच्या सुमाराला शेजारच्या काकांच्या खिडकीत दिवा लागला. मला तो दिसला, आणि मी न दिसल्यासारखं केलं.

गाणं तेच, माणूसही तोच. मग बदललं काय? बटण कुणाच्या हातात आहे, एवढंच.

लोक मात्र दोष गाण्याला देतात. थिल्लर, उथळ, आजकालचं. ही तक्रार फार जुनी आहे. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाची गाणी त्यांना इतकी खटकायची की आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही, काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घराघरांत पोहोचली. शेवटी 1957 मध्ये सरकारलाच 'विविध भारती' काढावी लागली. आज ज्या गाण्यांना आपण सुवर्णकाळ म्हणून डोळे मिटून ऐकतो, ती याच वर्षांतली.

केसकरांची आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. उत्तरेकडचं संगीत बिघडलं याचा ठपका त्यांनी मुसलमानांवर आणि त्यांच्या घराण्यांवर ठेवला होता. गाणं नको वाटतं, तेव्हा ते गाणारा नको वाटण्यापर्यंत मजल किती चटकन जाते पाहा. मी ज्या गावात राहतो तिथे सतारी बनतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरनिद्रा घेत आहेत, आणि त्यांच्या आठवणीत दर उरुसाला सगळ्या जातिधर्मांचे गवई हजेरी लावतात. बिघडलेलं संगीत ते हेच असावं.

पण आता आपल्या घरातलं बोलतो. अलीकडे जुलूसमध्ये डीजे आला आहे. कव्वालीच्या खाली धडधड ठेका घालतात. जिथे गाणारा एकाच शब्दावर पाच मिनिटं थांबतो, वळून वळून तोच शब्द नव्याने सांगतो, तिथे आता तो शब्द ऐकूच येत नाही. 'झिंगाट'पेक्षा मला याचा राग जास्त येतो, कारण हे आपलं म्हणून वाजतं. मोहल्ल्यातल्या पोरांना एकदा म्हणालो, तर एक जण म्हणाला, "त्यांच्या मिरवणुकीत चालतं सर, मग आपल्यालाच का सांगता?"

प्रश्न चुकीचा नव्हता. 2009 ची दंगल पाहिलेल्या या गावात माझ्यासारख्या नावाच्या माणसाने दुसऱ्यांच्या डीजेबद्दल तक्रार केली, तर ती आवाजाची तक्रार म्हणून कुणी वाचणार नाही. मला जिथे बोलता येतं ती जागा एकच आहे, आपली मिरवणूक. नियमाला खरं तर गाणं कुणाचं याच्याशी देणंघेणं नाही. 2000 सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, एवढंच लिहिलंय. पण तो नियम पोरांना दाखवला तर ती हसतात, आणि पोलीसही दोन्हीकडे सारखेच डोळेझाक करतात.

गेल्या वर्षी मी एवढंच मागितलं की दवाखान्यांच्या रस्त्यावर डीजे बंद ठेवा. त्यांनी ठेवला. तेवढ्या टप्प्यात पोरं स्वतः तोंडाने नात म्हणत चालली, बेसूर, पण शब्द कळत होते. पुढच्या चौकात आवाज पुन्हा वाढला.

शेजारच्या काकांना त्या हळदीच्या रात्रीबद्दल मी अजून काही बोललेलो नाही.