पाळी समोरच्याची, विचार आपला!

बुद्धिबळाच्या स्पर्धेत एक गंमत हमखास दिसते. आपली चाल करून घड्याळाचं बटण दाबलं, की काही मुलांची मान लगेच वळते. शेजारच्या पटावर काय चाललंय? पाण्याची बाटली कुठे गेली? आता पाळी समोरच्याची, म्हणजे आपल्याला सुट्टी! पण बुद्धिबळ खेळणारा संगणक अशी सुट्टी घेत नाही बरं का.

ही 'सुट्टी' केवढी मोठी असते, ते पाहू. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री स्पर्धा झाली. खराडीहून मुंढव्याचा पूल ओलांडून हडपसरकडे गेलं की अमनोरा लागतं, तिथे. कोनेरू हंपी पहिली आली, तर नागपूरची दिव्या देशमुख तिसरी. तिथे पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकीला ९० मिनिटं होती आणि शिवाय दर चालीला ३० सेकंद वाढवून मिळत. म्हणजे आपल्याला दीड तास, तसा समोरच्या खेळाडूलाही दीड तास! त्या वेळात आपलं घड्याळ थांबलेलं असतं, पण डोकं थांबवा असा काही नियम नाही.

संगणक नेमका याचाच फायदा घेतो. याला 'पॉन्डरिंग' म्हणतात. आपली चाल ठरवताना त्याने समोरच्याचं सर्वांत चांगलं उत्तरही शोधलेलं असतंच. मग तो मनातल्या पटावर ते उत्तर खेळून टाकतो आणि आपल्या पुढच्या चालीचा विचार सुरू करतो. समजा, त्याच्या उंटाने तुमचा घोडा मारला. तुम्ही त्या उंटाला मारणार, हे तो धरूनच चालतो. तुम्ही खरोखर मारलंत, की अंदाज बरोबर! याला 'पॉन्डरहिट' असं नाव आहे. त्याचा बराचसा विचार आधीच झालेला असतो, म्हणून कधीकधी तो पटकन चाल करतो आणि तुम्ही म्हणता, "अरे, याने विचार केला तरी कधी?" तुमच्याच वेळात!

तुम्ही विचाराल, एकाच चालीवर पैज का लावायची? सगळ्या चालींचा थोडा थोडा विचार का नाही करायचा? चला, हिशेब करू. समजा, तुम्ही चालीला ६० सेकंद घेता आणि तुम्हाला ३० चाली शक्य आहेत. वेळ सारखा वाटला, तर प्रत्येक चालीच्या वाट्याला २ सेकंद येतात. अशा दहा पाळ्यांत उपयोगी पडले फक्त २० सेकंद. आता पैज लावू. दहापैकी पाच अंदाज बरोबर आले, तर ३०० सेकंद म्हणजे चक्क पाच मिनिटं मिळाली! एकच बरोबर आला, तरी ६० सेकंद कुठे गेले नाहीत.

आणि अंदाज चुकला तर? संगणक रुसत नाही. ती पैज सोडून देतो आणि खऱ्या चालीवर विचार सुरू करतो. केलेलं काम सगळंच वाया जातं असंही नाही. तपासलेल्या स्थिती त्याने स्मरणात ठेवलेल्या असतात, त्यातल्या काही पुढे उपयोगी पडतात.

एक अडचण मात्र आहे. दोन प्रोग्रॅम एकाच संगणकावर एकमेकांशी खेळत असले, तर पाळी नसलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या वाट्याची ताकद खाऊ लागतो. म्हणून अशा सामन्यांत पॉन्डरिंग बहुधा बंद ठेवतात. मोबाईलवर तर बॅटरीही भराभर संपते.

आपलं डोकं संगणकाइतकं वेगवान नाही, पण ही युक्ती आपल्यालाही जमते. समोरचा विचार करत असेल, तेव्हा स्वतःला विचारा, 'मी त्याच्या जागी असतो, तर काय खेळलो असतो?' असं केलं की त्याचा डाव आपोआप कळू लागतो. आपल्याच बेतात गुंग राहिल्यामुळे फुकट जाणारे हत्ती आणि वजीरसुद्धा वाचतात!

या रविवारी घरी ताईशी किंवा बाबांशी एक डाव मांडा. प्रत्येक वेळी त्यांची चाल ओळखून कागदावर गुपचूप लिहा. (स्पर्धेत असं लिहायला परवानगी नसते, हं!) डाव संपल्यावर मोजा, किती अंदाज बरोबर आले? निम्मे आले, तर शाब्बास! आणि सगळेच चुकले, तर? तर बाबांना विचारा, "ही चाल तुम्ही का केलीत?" त्या उत्तरातूनच पुढचा डाव शिकायला मिळेल.