कारकुनाचे मूल आणि नागरिकाचे मूल

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात यांसारख्या, बालपणापासून माणसाच्या वाढीला वेढून राहणाऱ्या अवस्थांविषयी आपल्या देशात कायदे नाहीत, असे कोणासही म्हणता येणार नाही. १९९५ साली अपंगांसाठी पहिला व्यापक कायदा झाला. १९९९ साली या माणसांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. २०१६ साली नवा हक्क कायदा आला आणि अक्षमतेचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर गेले. नावेही सुधारली. ‘मतिमंद’ हा शब्द मागे पडला, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची पाटी बदलली, केंद्रातील विभागाच्या नावापुढे ‘दिव्यांगजन’ आले, आणि इकडे कर्नाटकात ‘विकलचेतन’ हा शब्द रूढ झाला. शब्दाने माणसाचा अवमान होत असेल तर तो बदललाच पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो शब्द बदलून झाल्यावर सरकार हात झटकून मोकळे होते, त्याच्याशी.

२०१६ चा कायदा आम्ही कारकुनाच्या डोळ्यांनी वाचला. कारकुनाची दृष्टी संकुचित असते असा लौकिक आहे. परंतु मसुद्यातील कोणते कलम द्यावयाचे आहे आणि कोणते नुसते दाखवावयाचे आहे, हे तिला चटकन कळते. या कायद्याच्या २४ व्या कलमात सामाजिक सुरक्षेचे आश्वासन आहे. त्यात निवृत्तिवेतन आहे, देखभाल करणाऱ्यासाठी भत्ता आहे, आणि इतरांना मिळणाऱ्या अशाच लाभापेक्षा किमान २५ टक्के अधिक देण्याची तरतूदही आहे. पण कलमाच्या आरंभीच एक उपवाक्य बसविलेले आहे: सरकारने हे सारे आपली आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत राहून करावे. पुनर्वसनाच्या २७ व्या कलमातही हेच उपवाक्य आहे. ज्या दरवाजातून प्रवेश द्यावयाचा, त्याच दरवाजाला आतून अडसर घालण्याची ही रीत आहे.

या मर्यादेचा अर्थ व्यवहारात काय होतो, ते एका आकड्यावरून कळते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील, ८० टक्के वा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीला केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय योजनेतून दरमहा मिळणारा केंद्राचा वाटा ३०० रुपये आहे. तो २०१२ साली २०० वरून ३०० झाला आणि तेथेच थांबला. राज्ये त्यात आपापली भर घालतात, कर्नाटकही घालते. पण दिल्लीच्या तिजोरीने या नागरिकाची केलेली किंमत दिवसाला १० रुपये, एवढीच राहिली आहे. १८ वर्षांखालील मूल तर या योजनेत येतच नाही.

आता याच दिल्लीच्या तिजोरीचा दुसरा नियम पाहा. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळते. पती किंवा पत्नी गेल्यावर ते मुलांकडे येते आणि मुलगा २५ वर्षांचा झाला, त्याने विवाह केला वा तो कमावू लागला की बंद होते. मात्र जे मूल अक्षमतेमुळे उपजीविका करूच शकत नाही, त्याला ते आजन्म मिळते. १९७२ च्या नियमांत हे होते, २०२१ च्या नव्या नियमांतही ते कायम आहे, आणि त्याच वर्षी उत्पन्नाची अटही शिथिल झाली. अक्षमता कायमची असेल तर वैद्यकीय दाखला एकदाच द्यावा लागतो. या वेतनाची किमान रक्कम दरमहा ९,००० रुपये असून वर महागाईची भर पडते. या नियमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द कोठेही नाहीत.

एवढेच नव्हे. अपत्यसंगोपनाची ७३० दिवसांची रजा आहेच. अक्षम मुलाच्या बाबतीत तिला असलेली २२ वर्षांची वयोमर्यादा २०१८ साली काढून टाकली गेली, कारण असे मूल बाविसाव्या वर्षी ‘मोठे’ होत नाही हे सरकारास उमजले. जून २०१४ च्या ज्ञापनाने अशा मुलाच्या पालकास, प्रशासकीय अडचण नसेल तर, नेहमीच्या बदल्यांतून सूट दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या यादीत स्वमग्नतेचा समावेश झाला. अशा मुलाचा शिक्षणभत्ता इतर मुलांच्या दुप्पट आहे. तात्पर्य, या मुलाचे परावलंबन जन्मभराचे असते, पालकाचा वेळ त्यात खर्ची पडतो, त्याच्या सवयीचे घर व शाळा वारंवार मोडता कामा नये, हे सर्व सरकारास बारकाव्यानिशी ठाऊक आहे. अज्ञानाची सबब येथे चालणार नाही. हे ज्ञान आपल्या नोकरांच्या मुलांपुरतेच वापरावयाचे, असा मात्र सरकारचा निश्चय दिसतो.

आमच्या शहरातील उदाहरण घेऊ. नगरथपेठेच्या गल्ल्यांत सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी खानापूर-आटपाडीकडची मराठी कुटुंबे आहेत. भट्टीपुढे बसणाऱ्या अशा एखाद्या माणसाच्या घरी स्वमग्न मूल असेल, तर त्याला संगोपनाची रजा कोण देणार? म्हैसूर रस्त्यावरील कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या कन्नड मातेला दुप्पट शिक्षणभत्ता कोण देणार? कोरमंगलातील केंद्रीय सदनाच्या जिन्यावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराचे मूल आणि त्याच इमारतीत फायली हाताळणाऱ्या कायम कारकुनाचे मूल यांची अक्षमता एकाच टक्क्याची, एकाच निम्हान्समध्ये तपासलेली असू शकते. तरीही एका मुलाच्या उत्तरायुष्याची नोंद नियमपुस्तकात आहे, आणि दुसऱ्याचे उत्तरायुष्य कोणत्याच पुस्तकात नाही.

कोणी म्हणेल, कर्मचाऱ्याने आयुष्यभर सेवा केली, तिचा तो मोबदला आहे. हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु तो टिकत नाही. मोबदलाच असता, तर कर्मचाऱ्याच्या सर्व मुलांना तो सारखाच मिळाला असता. धडधाकट मुलाचे वेतन पंचविसाव्या वर्षी थांबते आणि अक्षम मुलाचे थांबत नाही, याचे कारण पित्याच्या सेवेत नसून मुलाच्या गरजेत आहे. गरज हेच कारण असेल, तर पित्याने कोणत्या खात्यात नोकरी केली हा प्रश्न गैरलागू ठरतो.

दुसरा आक्षेप आपल्या संस्कृतीचा दाखला देऊन येतो: आपल्याकडे कुटुंब हेच आधारस्थान आहे, सरकारने त्यात पडू नये. ही स्तुती बहुधा अशांच्या मुखातून ऐकू येते, ज्यांना रात्रीचे जागरण करावे लागत नाही. कुटुंब आधार देतेच. पण वाड्यातील बारा माणसांचे कुटुंब आणि बंगळूरच्या दोन खोल्यांतील तिघांचे कुटुंब यांना एकच शब्द लावून भागत नाही. तिघांपैकी दोघे म्हातारे होतात आणि जातात. मग उरलेल्याचे काय, हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांनीच आपल्या देशात या क्षेत्रातील पुष्कळसे काम उभे केले. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्यात सिंधुताई जोशी यांनी काढलेली कामायनी १९६४ ची. बंगळूरातील अपंगांसाठीची असोसिएशन १९५९ ची, येथील स्पास्टिक्स सोसायटी १९८२ ची. पालकांच्या संघटनांचा देशव्यापी महासंघ ‘परिवार’ उभा राहण्यात बंगळूरच्या जे. पी. गडकरी यांचा वाटा मोठा. कुटुंबांनी आपले कर्तव्य केले आहे. आता पाळी राज्याची आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर सरकारच्याच वर्तनात आहे. राष्ट्रीय न्यासाला १९९९ च्या कायद्याने साऱ्या देशासाठी एकवेळचा निधी दिला तो १०० कोटी रुपयांचा. त्या न्यासाच्या ‘निरामय’ विम्याची वार्षिक मर्यादा १ लाख रुपये आहे. प्रौढांच्या आजन्म निवासासाठी ‘घरौंदा’ योजना आहे, पण अशी घरे गरजेपुढे नगण्य आहेत. कर्नाटकाने २०२४ च्या अर्थसंकल्पात मेंदूचा पक्षाघात, स्नायुक्षय अशा मोजक्या अवस्थांतील माणसांची देखभाल करणाऱ्यांसाठी दरमहा १,००० रुपये जाहीर केले. देखभाल हेही श्रमच आहेत, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले, याचे आम्ही स्वागत करतो. पण ज्या आईने नोकरी सोडली तिच्या महिन्याचे मोल हजार रुपये नव्हे, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही.

येथवर आम्ही आमच्या नियमाला आदर्श म्हणून पुढे केले. खेदाची गोष्ट ही की, तो आदर्शही हळूहळू मोडीत निघत आहे. १ जानेवारी २००४ पासून नोकरीत आलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली. तीत निवृत्तीनंतर जमलेल्या निधीतून वार्षिकी घ्यावयाची, मुलाला आजन्म वेतन देण्याची जुनी हमी नाही. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेचा पर्याय आला. तीत निवृत्तीनंतर मृत्यू आल्यास ६० टक्के रकमेची हमी आहे, परंतु ती विवाहित जोडीदारापुरती. सेवेत असतानाच कर्मचारी वारला तर जुन्या नियमांचा लाभ मिळू शकतो. म्हणजे आमच्या पिढीतील कारकुनाच्या अक्षम मुलाला पूर्ण संरक्षण हवे असेल, तर बापाने साठीपूर्वी मरावे! असा विपरीत निष्कर्ष निघणाऱ्या धोरणास सुधारणा म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

आमच्या कर्मचारी संघटना जुने निवृत्तिवेतन परत मागतात. मागणी रास्त आहे. पण तीत अक्षम मुलांचा स्वतंत्र उल्लेख क्वचितच असतो, आणि कचेरीबाहेरच्या मुलांचा तर नसतोच. आपल्यापुरते मागणाऱ्याला आपल्यापुरतेही मिळत नाही, हे गेल्या वीस वर्षांनी दाखविले आहे.

केवळ पैशाने सारे भागेल, असे आमचे म्हणणे नाही. विशेष शिक्षक हवेत. प्राथमिक वर्गांत १० मुलांमागे एक आणि त्यावरील वर्गांत १५ मुलांमागे एक, हे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचित केले आहे. अठरा वर्षांनंतर, शाळा संपल्यावर, दिवस घालविण्यास कामाचे ठिकाण हवे. आणि सेवा घराच्या भाषेशी नाते ठेवणारी हवी. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी अशा मुलाच्या आईला ‘मराठी बंद करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाची वाढ खुंटते, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. ज्या भाषेत आई अंगाई म्हणते ती काढून घेणे हा उपचार नव्हे.

आमची मागणी तीन वाक्यांत सांगता येते. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या अक्षम मुलास जे आजन्म वेतन नियमाने मिळत आले, ते उपजीविका करू न शकणाऱ्या प्रत्येक नागरिकास, त्याच किमान रकमेने, मिळावे. नव्या निवृत्तिवेतन योजनांत वगळलेले मूल पुन्हा घालावे. आणि २०१६ च्या कायद्यातील ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द या दोन कलमांतून काढून टाकावेत. मसुदा तयार करण्यास फार वेळ लागणार नाही. नियम जुनाच आहे, त्यातील ‘सरकारी कर्मचारी’ हे शब्द खोडून तेथे ‘नागरिक’ लिहावयाचे आहे. एवढे काम कोणताही कारकून एका दुपारात करील. सही करणारा हात तेवढा हवा आहे.